मेहेशफाल्वा नावाचं गाव

देनेशबाचींनी काहिलीतला लाकडी दांडा सोडून दिला आणि तिथंच चुलाणापाशी उभं राहून बोटांवर अक्षरं मोजायला सुरुवात केली. आलुबुखाराचा मुरंबा ऐन घट्ट व्हायला आला होता. अशा वेळी हात थांबवायचा नसतो, हे हार्शफाल्व्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण देनेशबाचींचे ओठ हलत होते, बोटं मिटत होती, उघडत होती, आणि काहिलीच्या तळातून जळका वास सुटला होता.

"अहो, तळ धरतोय," बाकावर बसून आलुबुखारातल्या बिया काढणाऱ्या पिरोश्कानेनी म्हणाल्या.

"धरू दे. इथं माझा गळा धरलाय."

"कुणी?"

"त्या गावानं."

पिरोश्कानेनींनी सुरी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि स्वतःच दांडा हातात घेतला. नवऱ्याशी त्या वाद घालत नसत असं नाही, पण मुरंबा आधी आणि वाद मागाहून, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

गाव म्हणजे बुर्दुलेश्ती. ओर्शी, देनेशबाचींची नात, महिनाअखेरीला लग्न होऊन तिथं जायची होती. ओर्शीचे आईबाप कामधंद्याला परदेशी गेलेले, सणावारी यायचे. पोर वाढली ती आजी-आजोबांच्या हाताखाली. ढोरांची डॉक्टर व्हायला ती कोलोज्वारला गेली आणि तिथं तिला लिविउ भेटला. तो त्याच शहराला क्लुज म्हणायचा. एकाच शहराला दोघं दोन नावांनी हाका मारत होते, तरी बसथांबा मात्र दोघांना एकच सापडला. हार्शफाल्वा रोमानियात असलं तरी माणसं सगळी हंगेरियन. लिविउ मात्र रोमानियन, तोही डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, पार दक्षिणेकडचा. त्याच्या घरी फळबाग होती, मधमाश्यांच्या पेट्या होत्या.

मुलाबद्दल देनेशबाचींची काही तक्रार नव्हती. उन्हाळ्यात आला होता तेव्हा विळा घेऊन त्यांच्याबरोबर गवत कापायला उतरला, आणि संध्याकाळपर्यंत पाठ सरळ केली नाही. मोडकंतोडकं हंगेरियन बोलायचा, चुकला की स्वतःच आधी हसायचा. असा नातजावई हातचा कोण घालवेल? घोडं अडलं होतं ते भलतीकडेच.

देनेशबाची, म्हणजे देनेशकाका, गावचे व्होफेय. रंगीत फितींची काठी हातात घेऊन अख्खं लग्न यमकात चालवणारा माणूस तो व्होफेय. पाहुण्यांना बसवायचं यमकात, रस्सा वाढायला सांगायचं यमकात, आणि नवरीला माहेरच्या अंगणातून निरोप द्यायचा तोही यमकात. त्या निरोपात नवरी कुठल्या गावाला चालली, ते नाव घेऊन सांगावं लागतं. नाव घेतल्याशिवाय मुलगी फाटक ओलांडत नाही, ही हार्शफाल्व्याची रीत. देनेशबाचींनी अर्ध्या गावच्या लेकी अशा वाटेला लावल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गावाचं नाव हंगेरियनमध्ये घेतलं होतं. रस्त्यावरच्या पाट्या काही का म्हणेनात. पाट्या त्यांच्या हयातीत किती वेळा बदलल्या. कधी एकच नाव, कधी दोन, कधी खालचं हंगेरियन नाव कुणीतरी डांबर फासून काळं केलेलं. निरोपाच्या कडव्यातलं नाव मात्र कुणाला पुसता आलं नव्हतं. तेवढी एक जागा आपल्या राखणीतली, असं त्यांना वाटायचं, आणि ती त्यांनी खरोखरच जिवापाड राखली होती.

आणि आता सख्खी नात चालली होती अशा गावाला, ज्याला हंगेरियन नावच नव्हतं. देनेशबाची पाद्रीबाबांकडे जाऊन आले. पाद्रीबाबांनी जुने नकाशे काढले, चष्मा बदलून पाहिला, फोनवरही शोधलं, आणि शेवटी हात वर केले. डोंगराच्या या बाजूला टेकडी-टेकडीला, ओढ्या-ओढ्याला आपलं नाव आहे, म्हणाले, पण माथा ओलांडला की आपली नावं संपतात. तिथं आपलं कुणी राहिलंच नाही, तर नाव कोण ठेवणार?

"तसंच म्हणून टाका ना, जे आहे ते," पिरोश्कानेनी दांडा फिरवत म्हणाल्या.

देनेशबाचींनी म्हणून पाहिलं. बुर्दुलेश्ती. तोंडात गरम बटाटा घेतल्यासारखं वाटलं. यमक बसेना, चाल बसेना, आणि पोटातून जे यायला हवं ते काही केल्या येईना. नुसतं कडवं अडलं असतं तर त्यांनी रात्रीतून दुसरं रचलं असतं. पण ज्या जागेला आपल्या भाषेत नाव नाही ती जागा त्यांच्या डोळ्यांपुढे उभीच राहत नव्हती. तिथं घर दिसेना, विहीर दिसेना, दारात उभी असलेली ओर्शी दिसेना. धुक्यात मुलगी ढकलून द्यायची की काय, असं त्यांना वाटू लागलं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. काहिलीखालचं एक जळतं लाकूड उगाच पुढं ओढलं आणि परत आत सारलं.

उपाय सुचला तो दोन दिवसांनी, परसातल्या आपल्या पेट्यांमधला मध काढताना. मधमाश्यांना हंगेरियनमध्ये मेह म्हणतात, आणि लिविउच्या घरी मधमाश्या. मग मेहेशफाल्वा, मधमाश्यांचं गाव. आपलं हार्शफाल्वा म्हणजे लिंडनच्या झाडांचं गाव, आणि लिंडनच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात हे कुणाला सांगायला नको. लिंडनच्या गावातून मधमाश्यांच्या गावाला! यमक असं बसलं जणू वाट पाहत उभंच होतं. देनेशबाचींनी जाळीचा बुरखाही काढला नाही, तसेच घरात शिरून बायकोला कडवं म्हणून दाखवलं. पिरोश्कानेनींनी एप्रनच्या टोकाने डोळे टिपले. इतकं सुंदर कडवं त्यांच्या नवऱ्याने आजवर रचलं नव्हतं, आणि त्यांनी त्याची बरीच ऐकली होती.

आठवड्याभरात ते गावभर झालं. दूध घालायला जाणाऱ्या बायका गुणगुणू लागल्या. न्हाव्याने दाढी अर्ध्यावर ठेवून ते पुन्हा म्हणायला लावलं. मेहेशफाल्व्याला हवा कशी आहे, मेहेशफाल्व्याला हिमपात होतो का, अशा चौकश्या लोक देनेशबाचींकडे करू लागले, आणि तेही सांगू लागले. आता त्यांना गाव दिसत होतं. निळ्या रंगाच्या पेट्या दिसत होत्या, उतरत्या छपराचं घर दिसत होतं, कुंपणापाशी ओर्शी दिसत होती. रात्री झोपही लागू लागली.

ओर्शी लग्नाच्या तयारीला घरी आली तेव्हा त्यांनी तिला बाकावर बसवलं, समोर उभे राहिले आणि काठीशिवायच कडवं म्हटलं. तिने ते खाली मान घालून ऐकलं. मांडीवरच्या कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"छान आहे, आजोबा," ती म्हणाली. "फारच छान आहे."

"मग तोंड का असं पाडलंस?"

"मी तिथं चालले नाहीये ना."

देनेशबाचींना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. लग्न मोडलं की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"मी बुर्दुलेश्तीला चाललेय," ओर्शी म्हणाली. "मेहेशफाल्वा फार गोड गाव आहे, पण ते तुमच्या डोक्यात आहे. लिविउच्या आजीने सगळा जन्म बुर्दुलेश्तीत काढला. तिथंच नवरा पुरला तिनं."

"मी कुठं त्यांचं गाव हिसकावतोय? दोन घटका एका कडव्यात घेतलं तर काय झिजणार आहे? आपल्या गावाला त्यांच्या कचेरीत बसून कुणी नाव ठेवलं, तेव्हा आपल्याला विचारलं होतं? मी निदान मधमाश्यांचा तरी विचार केला."

"तेच म्हणते मी. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं."

एवढं बोलून ती उठली आणि आजीला बरण्या धुवायला मदत करायला गेली. मोठ्याने बोलली नाही, रुसली नाही. रुसली असती तर बरं झालं असतं. रुसलेल्या नातीची समजूत काढता येते.

देनेशबाची चिडले. नंतरचे दोन-तीन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. काल जन्मलेली पोर शिकवायला लागली, असं गायीला ऐकवत होते. पिरोश्कानेनींनी मध्यममार्ग सुचवून पाहिला, की दोन्ही नावं घ्यावीत, पाटीवर असतात तशी. त्यावर ते अधिकच उखडले. निरोपाचं कडवं म्हणजे पाटी नव्हे, म्हणाले, तिथं एकाच नावाला जागा असते. शिवाय अख्ख्या गावाला पाठ झालेलं कडवं ऐनवेळी बदललं तर लोक काय म्हणतील? व्होफेयची जीभ अडखळली म्हणतील. इतकी वर्षं कमावलेलं नाव एका चुकीत कसं जातं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. ठरलं ते ठरलं. मेहेशफाल्वाच म्हणायचं. ओर्शीने पुन्हा तो विषय काढला नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे बुर्दुलेश्तीहून निघालेली बस दुपारी फाटकासमोर येऊन थांबली. डोंगरातल्या वळणांनी निम्म्या पाहुण्यांची तोंडं पिवळी पडली होती. पुरुषांनी उतरल्या उतरल्या आपल्या बाटल्या पुढं केल्या, इकडच्यांनी आपल्या. दोन्हीकडची दारू आलुबुखाराचीच, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याची चाखून सौजन्याने मान हलवत आपलीच कशी सरस ते डोळ्यांनी एकमेकांना सांगत होते. सगळ्यात शेवटी उतरली लिविउची आजी, स्मारांदा. काळा रुमाल, काळा झगा, एवढीशी म्हातारी, छातीशी एक घडी केलेलं विणलेलं कापड घट्ट धरलेलं. पिरोश्कानेनींनी तिच्यासाठी खुर्ची आणली, खुर्चीवर उशी आणली, मग खांद्यावर शाल आणून टाकली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पिरोश्कानेनी खायला देत होत्या आणि स्मारांदा खात होती, त्यामुळे बोलणं खोळंबलं नाही.

मग देनेशबाचींनी काठी जमिनीवर आपटली आणि अंगण शांत झालं. एका बाजूला हार्शफाल्वा बसलं होतं, दुसऱ्या बाजूला बाकांवर डोंगरापलीकडचे पाहुणे. मधोमध पांढऱ्या पोशाखात ओर्शी, शेजारी लग्नापुरते परतलेले तिचे आईबाप. त्यांनी देवाचं कडवं म्हटलं, पाहुण्यांच्या स्वागताचं म्हटलं, नवरदेवाच्या चेष्टेचं म्हटलं. हार्शफाल्व्याची माणसं पोट धरधरून हसली. पाहुणेही हसले, पण एक क्षण मागून, शेजाऱ्यांकडे बघून. लिविउ आपल्या लोकांना काहीबाही अर्थ सांगू पाहत होता, पण यमकांच्या वेगापुढे त्याचा दम संपला आणि त्यानं नाद सोडला.

देनेशबाचींना सवय होती लोकांच्या तोंडाकडे बघत बोलायची. व्होफेयला ती लागतेच. त्यामुळे त्यांची नजर पुन्हा पुन्हा स्मारांदाकडे जात होती. ती पुढच्या रांगेत, उशीवर, ताठ बसली होती. ते थांबले की ती मान डोलवायची. हसण्याच्या जागी थांबले तरी, रडण्याच्या जागी थांबले तरी, तेवढीच आणि तशीच. काही कळत नव्हतं तिला. पण आपल्यामुळे या माणसाचा अपमान होऊ नये म्हणून म्हातारी जिवाच्या कराराने लक्ष देत होती. बसमधून उतरल्यापासून ती अशीच बसून होती, एखाद्या परक्या देवळात बसावं तशी. देनेशबाचींना एकदम तिची कणव आली, आणि कणवेपाठोपाठ स्वतःचा थोडा राग आला.

निरोपाचं कडवं आलं. अंगणात हालचाल थांबली. गावाला ते पाठ होतं, त्यामुळे सगळे आपापल्या जागी ओठ हलवून सज्ज झाले. स्वयंपाकघराच्या दारात पिरोश्कानेनींचेही ओठ हलू लागले. देनेशबाचींनी काठी वर धरली. लिंडनच्या गावातून, ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम लांबवला. लिंडनच्या सावलीतून, बापाच्या फाटकातून, ही लेक आज चालली, चालली...

आणि तिथं ते थांबले. जीभ अडखळली नव्हती. पुढचा शब्द दातांशी येऊन तयार होता. स्मारांदाने त्यांच्या थांबण्याला मान डोलावली.

"बुर्दुलेश्तीला," देनेशबाची म्हणाले.

यमक गेलं, चाल गेली. रस्त्यात खड्डा आल्यासारखं कडवं धाडकन बसलं. हार्शफाल्व्याच्या बाजूने कुणीतरी श्वास आत ओढल्याचं स्पष्ट ऐकू आलं, आणि न्हावी शेजाऱ्याकडे वळून काहीतरी बोलला. ओर्शीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते देनेशबाचींना नीट पाहता आलं नाही, कारण त्याच वेळी समोरच्या बाकांवर गडबड उडाली.

इतका वेळ ओंडक्यांसारखी बसलेली माणसं जागी झाली होती. बुर्दुलेश्ती, बुर्दुलेश्ती म्हणाले, अशी रांगेतून कुजबूज गेली. अख्ख्या दुपारभरात त्यांना कळलेला तो एकच शब्द होता, आणि तो त्यांच्या गावाचा होता. आपल्याला पुकारलं, आता आपली पाळी, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. दुसरा कुठला घेणार? स्मारांदा उशीवरून उठली. ती उठली म्हणून तिच्या मागचे उठले, मग त्यांच्या मागचे. पुरुषांनी टोप्या काढल्या. लिविउ त्यांना खुणेने खाली बसवू बघत होता, पण म्हातारी चालायलाही लागली होती.

व्होफेयचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय नवरीला कुणी हात लावायचा नसतो. हार्शफाल्व्यात अशी चूक आजवर कुणाकडून झाली नव्हती. कुणीतरी वाट अडवायला म्हणून अर्धवट उठलं. देनेशबाचींनी त्याच्याकडे न बघता काठी आडवी धरून त्याला बसवलं.

स्मारांदा ओर्शीपुढे जाऊन उभी राहिली. छातीशी धरलेलं कापड तिने उलगडलं. लाल-काळ्या दोऱ्यात विणलेलं, कडा झिजलेल्या, बहुधा तिच्या स्वतःच्या लग्नातलं. टाचा उंचावून तिने ते पोरीच्या खांद्यावर टाकलं, दोन्ही टोकं गळ्यापाशी जुळवली, जशी थंडीत बाहेर निघालेल्या लेकराची जुळवतात.

"चल गं माय," ती आपल्या भाषेत म्हणाली. "लांब जायचंय. चल."

ओर्शी रडू लागली. म्हातारीने तिचा हात धरला आणि त्या दोघी फाटकाकडे निघाल्या, आणि त्यांच्या मागे टोप्या हातात धरून सगळं बुर्दुलेश्ती.

पिरोश्कानेनी एप्रनला हात पुसत लगबगीने नवऱ्यापाशी आल्या. अजून आईचा निरोप घ्यायचं कडवं व्हायचं होतं. बापाचं, मैत्रिणींचं व्हायचं होतं. आणि सगळ्यात शेवटी म्हणायचं ते आजी-आजोबांचं. ओर्शी त्यांचा निरोप घेते ते, देनेशबाचींनी खोलीचं दार लावून घेऊन रचलेलं, कुणालाच म्हणून न दाखवलेलं.

"अहो, आणि आपलं?" त्या म्हणाल्या. "आपलं राहिलं ना. थांबवा त्यांना."

देनेशबाचींनी काठी बगलेत धरली आणि वाट मोकळी व्हावी म्हणून दोन पावलं मागे सरले.

"राहू दे," ते म्हणाले. "पाहुणे उभे आहेत."